बदलीची पोर

मानकोली नाक्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना गोडाऊनच गोडाऊन लागतात. दोन हजार आठ साली ती अजून नवी होती. पत्र्यांवर चकाकी होती आणि मधूनमधून न विकलेल्या शेतांत भाताचे खुंट दिसत. त्यातल्या एका गोडाऊनमध्ये बिस्किटांचा माल उतरायचा आणि तिथून नाशिक-सुरतेकडे जायचा. कुठल्या ट्रकमध्ये किती पेट्या चढल्या ते कॉम्प्युटरवर चढवायचं आणि ड्रायव्हरच्या हातात चलन द्यायचं, हे काम उन्नती तरे करायची. गोडाऊनखालची जमीन तिच्या वडिलांची, महादू तऱ्यांची. विकताना त्यांनी अट घातली होती, घरातल्या एकाला कायमची नोकरी. भावाला नोकरी नको होती, ती बहिणीला मिळाली.

उन्नती जाडी होती. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही, कारण मानकोलीत ते कुणीच आडवळणाने सांगत नव्हतं. सत्यनारायणाच्या पूजेला प्लॅस्टिकची खुर्ची तिच्याखाली मोडली, तेव्हा हमालांपासून ट्रान्सपोर्टवाल्यांपर्यंत सगळे पोट धरून हसले. मॅनेजर भावेशने वेल्डरला बोलावून लोखंडी अँगलची रुंद खुर्ची बनवून घेतली. दसऱ्याला फोर्कलिफ्टला आणि वजनकाट्याला हार घातले, तसा त्याने त्या खुर्चीलाही घातला. उन्नतीनेच पेढे वाटले.

तिला भूक लागायची, आणि ती साधी भूक नव्हती. सकाळी उन्नतीचा डोळा उघडायच्या आधी ती जागी असायची. जेवताना पुढच्या जेवणाची भूक ताटाशेजारी येऊन बसायची. लहानपणी उन्नतीला वाटायचं, सगळ्यांचंच असं असतं. शाळेत कधीतरी कळलं की तसं नाही. मग तिने ते कुणाला सांगणं सोडून दिलं.

स्थळं येत. माणसं पोहे खात, सोफ्यावर रेलून बंगल्याचं ग्रॅनाइट बघत आणि फोन करतो म्हणून जात. एका मुलाच्या आईने निघताना चप्पल घालता घालता उन्नतीच्या आईला, गोदूबाईला विचारलं, "हिच्या पाठची नाय का कोण?" उन्नती दारातच उभी होती. तिशी जवळ आली होती. साखर वाढली होती, गुडघे जिना चढताना कुरकुरायला लागले होते. भिवंडीच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका सर्जनचं नाव दिलं, आणि आईबापांना न विचारता ती एकटी रिक्षा करून गेली.

सर्जनने कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि पेनाने त्याचा मोठा भाग खोडून टाकला. उरली ती केळ्याएवढी नळी. मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त, सोनोग्राफी, तोंडातून नळी घालून पोट बघणं. शेवटी एक मानसोपचारवाली बाई होती. तिने विचारलं, "तुमच्या आयुष्यातून खाणं काढून घेतलं तर काय उरेल?"

"मी उरेन," उन्नती म्हणाली. बाईने मान हलवून सही केली.

घरी गोदूबाईने डोक्याला हात लावला. "देवानं दिलेलं पोट कापून टाकतात का गो? जनावराचं पन कोन कापीत न्हाय." पण महादू काही बोलले नाहीत, आणि त्या घरात ते बोलले नाहीत म्हणजे हो असायचं.

अडलं ते रजेपाशी.

"महिनाभर? मार्चमध्ये?" भावेश खुर्चीत मागे रेलला. "वर्षअखेरीचा माल तुझी आई चढवणार का?"

"सर, डॉक्टरांची तारीख मिळत नाही. ही गेली तर थेट दिवाळीनंतर."

"मग दिवाळीनंतर कर. इतकी वर्षं वागवलंस, अजून आठ महिन्यांनी काय फुटणारेस?" तो स्वतःच हसला. मग पेन टेबलावर आपटत म्हणाला, "ऐक. बदली माणूस आण. तूच शोध, तूच शिकव. चलनात एक चूक नको. तो तयार झाला तर जा. नाही झाला तर रजा विसर."

गोडाऊनमध्ये सावळाराम नावाचा हमाल होता. दिघाशीचा, मुकाट काम करणारा, गळ्यात तुळशीची माळ. त्याची मुलगी दिशा बारावी होऊन घरी बसली होती आणि तिने भिवंडीत कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. उन्नतीने निरोप दिला तसा तो दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन आला. पोर अंगाने काडी होती. तिच्याही गळ्यात माळ. डब्यात दोन भाकऱ्या आणि ठेचा आणायची, त्यातली एक भाकरी संध्याकाळी परत न्यायची.

"एवढीच खातेस?" उन्नतीने विचारलं.

"मला लागतच न्हाय, ताई," दिशा म्हणाली, आणि उन्नतीला तिचा मनापासून राग आला.

ऑपरेशनच्या आधीचा पंधरवडा फक्त पातळ घ्यायचं होतं. डाळीचं पाणी, ताक, डब्यातली पांढरी पावडर पाण्यात कालवून. डाएटवाल्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं, "एक घास जरी पोटात गेला, तरी आम्ही तारीख रद्द करतो." उन्नती त्या पंधरवड्याला जेवढी भ्यायली होती तेवढी ऑपरेशनलाही भ्यायली नव्हती. पहिल्या सकाळी ती पावडरचा पेला पिऊन कामावर गेली, आणि त्याच दिवशी तिने पहिल्यांदा स्वतः उठून दिशाला आपल्या लोखंडी खुर्चीवर बसवलं.

"बस. आता तू कर, मी बघते."

दिशा बसली आणि चटकन अर्धी उठली. "गरम हाय, ताई."

"मी बसले होते ना आत्ता."

"न्हाय, तसं न्हाय..." ती म्हणाली, पण बाहेर ट्रक लागला होता, ड्रायव्हर खिडकीवर टकटक करत होता. ती पुन्हा बसली.

दुपारी एकच्या सुमारास उन्नतीच्या काहीतरी लक्षात आलं. काय ते तिला लगेच समजेना. भिवंडीत लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबतात, आणि दिवसरात्र ती खटखट ऐकलेल्या माणसाला त्या शांततेने कानात दडे बसतात, तसं काहीसं झालं होतं. मग तिला कळलं. भूक लागली नव्हती. कमी झाली होती असं नव्हे. ती नव्हतीच.

समोर दिशाने दुसरी भाकरी संपवली होती आणि ती डब्याचं झाकण चाटत होती.

आठवडाभरात उन्नतीचा चेहरा उतरला. डाएटवाल्या मॅडम फोनवर खूश झाल्या, म्हणाल्या इतक्या सहज कुणालाच जमत नाही. गोदूबाईला मात्र डबा दिल्याशिवाय राहवेना. लेक उपाशी कामावर जाते हे तिच्या जिवाला खात होतं. ती गुपचूप पिशवीत डबा सरकवायची. उन्नती तो दिशापुढे ठेवायची. आधी दिशा लाजायची. मग लाजेनाशी झाली. मग डबा बाहेर यायच्या आधीच तिची नजर पिशवीवर असायची. दोन्ही हातांनी, मान खाली घालून, श्वास न घेता ती खायची आणि संपल्यावर रिकाम्या डब्याकडे अशी बघायची की उन्नतीला ओळखीचं काहीतरी दिसायचं. तो चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. पण आतून तो कसा असतो ते तिला ठाऊक होतं.

आणि एवढं खाऊन दिशा वाळत चालली होती. गळ्याची हाडं वर आली. माळ सैल होऊन कीबोर्डवर लोंबायला लागली.

एकदा चलनं लावता लावता दिशा हळूच म्हणाली, "ताई, तुमच्याकडं निवट्यांच्या कालवणात चिंच न्हाय ना घालत? आंबोशी घालतात."

उन्नतीचा हात थांबला. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे. दिशाच्या घरी तीन पिढ्या कुणी मासळीला शिवलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनी न्हाय. तोंडात येतं." तिने माळ मुठीत धरली. "सगळे जेवून गेल्यावर कढईत भात कालवायचा. बोटानं कड पुसून पुसून खायचा. दाराच्या मागं उभं राहून. ताई, मी असं कधी क्यलं न्हाय. मग मला त्ये कसं आठवतं?"

ते फक्त उन्नतीने केलं होतं. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून, स्वयंपाकघराच्या दारामागे उभं राहून. गोदूबाईलाही ते माहीत नव्हतं.

बाहेर फोर्कलिफ्ट मागे घेतल्याचा पींऽ पींऽ आवाज येत होता. उन्नतीने कागदांची चळत सारखी केली. या पोरीला आत्ता घरी पाठवलं तर रजा गेली, रजा गेली तर तारीख गेली, हे ती अगदी शांतपणे मनाशी जुळवत गेली. मग ती दिशाच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाली, "दमलीयस तू. प्रवासाने होतं असं. हे घरी काही बोलू नकोस हं. आईला उगाच काळजी."

पुढे पेट्या फुटायला लागल्या. मागच्या रॅकमध्ये रिकामी वेष्टनं सापडत. भावेशने उंदरांना शिव्या दिल्या, पिंजरे मागवले. पिंजऱ्यांत लावलेले बोंबलाचे तुकडेही गेले. उंदीर मात्र एकही सापडला नाही.

जेवणाच्या सुट्टीत उन्नती रॅकांमधून मागे गेली. तिथे पत्र्यांच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या पडल्या होत्या आणि साखर, पुठ्ठा, उष्ण धूळ असा वास कोंडला होता. दिशा पेट्यांच्या मध्ये उकिडवी बसली होती. बिस्किटाचा पुडा ती वेष्टनासकट चावत होती. चांदीचा कागद ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आला होता, त्याने ओठ कापला होता. उन्नतीकडे बघूनही तिचा जबडा थांबला नाही. फक्त डोळे थांबले.

"ही माझी न्हाय, ताई," भरल्या तोंडाने ती म्हणाली. "ही भूक माझी न्हाय. कोनाची हाय ही?"

उन्नतीने खाली वाकून वेष्टनं गोळा केली. वाकता आलं, याचं तिला क्षणभर नवल वाटलं. मग तिने ऑफिसात जाऊन दोन पेट्या वाटेत भिजल्या म्हणून खराब मालात दाखवल्या. भावेशने न बघता सही केली.

"पोरगी बरी आहे तुझी," तो म्हणाला. "जा तू बिनधास्त. ये मधुबाला होऊन."

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी उन्नती हॉलमध्ये बॅग भरत होती. गाऊन, टॉवेल, रिपोर्टांची फाइल, आणि श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं ते प्लॅस्टिकचं यंत्र. फाटक वाजलं. दिशा आली होती, आणि तिच्याबरोबर तिची आई चंद्रा. चंद्राने मुलीची दोन्ही मनगटं एकाच हातात धरली होती. ती एका हातात मावत होती.

"बसा ना," गोदूबाई म्हणाली. "पानी देते."

"पानी नको." चंद्रा जमिनीवरच बसली, मुलीला खाली ओढून. सोबतच्या पिशवीतून तिने डबा काढला, स्टीलची एक थाळी काढली, त्यात भात आणि वालाची आमटी वाढली. दिशाचं सगळं अंग थाळीकडे झुकलं. चंद्राने मनगटांची पकड सोडली नाही.

"ताई, मी भांडायला आली न्हाय," चंद्रा म्हणाली. "माजी पोर तुमच्या जागंवर बसली. जागा घेतली, तवा जागंवरचं सगळंच घेतलं तिनं. तुमी मुद्दाम क्यलं असंल असं बी मी म्हनत न्हाय. ह्या ताटातला एक घास तुमी खावा. तुमचं तुमच्याकडं येईल."

"कोणी सांगितलं तुम्हाला असं?"

"कोनी कशाला सांगाया पायजे?" चंद्राने वर बघितलं. "काल शेजारच्या लेकराच्या हातातली भाकरी वढून घेतली हिनं. त्याच्या बोटाला दात लागलं. रगत बघून बी हात मागं घ्येतला न्हाय."

गोदूबाई पदर तोंडाला लावून उभी होती. "खा गो एक घास," ती म्हणाली. "पोर बघ कशी झालीय."

"आई, उद्या ऑपरेशन आहे."

"मंग व्हईल नंतर."

उन्नती थाळीकडे बघत होती. वालाला मोहरीची, लसणीची फोडणी होती. वाफ येत होती. एरवी त्या वासाने तिचं तोंड भरून आलं असतं, हात आपोआप पुढे गेला असता. आता थाळीत भात होता आणि आमटी होती. बस. इतर माणसं ताटाकडे कशी बघतात, ते तिला तिशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा कळत होतं. हे परत द्यायचं होतं.

ती खाली बसली. मांडी घालून, कुणाचा आधार न घेता.

तिने घास कालवला, तोंडात घातला. सावकाश चावला. चंद्रा तिच्या गळ्याकडे बघत होती. उन्नतीने घास गालात सारला आणि नुसताच आवंढा गिळला.

चंद्राच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने हात जोडले. "तुमचं भलं व्हईल, ताई. सोन्यासारखं घर मिळंल."

उन्नतीने मान हलवली, हात धुऊन येते अशी खूण केली आणि पॅसेजमधल्या बेसिनपाशी गेली.

तिने घास थुंकला. नळ सोडणार, तोच आरशात दिशा दिसली.

दिशा मागे उभी होती. मनगटं सुटली होती, त्यांवर आईच्या बोटांचे लाल वळ होते.

दोघींनी आरशातच एकमेकींकडे पाहिलं. उन्नतीचा नळावरचा हात तसाच राहिला.

दिशा पुढे आली. तिने बेसिनमध्ये हात घातला आणि तो चावलेला घास उचलून तोंडात टाकला. मग बेसिनच्या जाळीत अडकलेली शितं एकेक करून नखाने काढली.

हॉलमधून चंद्राची हाक आली, "दिशे, ताईंनी खाल्ला ना गं? गिळला ना?"

"खाल्ला, आये," दिशा म्हणाली. तिचं तोंड भरलेलं होतं. "चल."

गोदूबाईने त्यांना पिशवीभर तांदूळ दिले. गॅलरीतून उन्नतीला त्या दोघी हायवेकडे जाताना दिसल्या. चंद्रा पुढे होती, हलकी होऊन चालल्यासारखी. दिशा मागे, पिशवीत हात घालून कच्चे तांदूळ मुठीने खात.

ऑपरेशन नीट झालं. शुद्ध आल्यावर सर्जन राउंडला आला, पोटावर हात ठेवून म्हणाला, "सगळं उत्तम." मग जरा थांबून विचारलं, "तुम्ही खाणं नक्की पंधराच दिवस बंद केलं होतं ना?"

"हो. का?"

"काही नाही. आत बघून वाटलं, हे पोट बऱ्याच वर्षांपासून वापरातच नाही." तो हसला आणि पुढच्या बेडकडे गेला.

रजा सुखात गेली. चमच्याने पेज, मग मऊ भात. उन्नती घड्याळ बघून खायची, नाहीतर तिला आठवणच राहायची नाही. आधी भावेशचा फोन आला की बदली तुझ्यापेक्षा भारी निघाली, चलनात एक चूक नाही, फक्त उंदरांचं काय करावं कळत नाही. पुढच्या वेळी म्हणाला, "ती पोरगी आठवडाभर आलीच नाही गं. आजारी आहे म्हणे. मी भिवंडीतून एक माणूस लावलाय, तू काळजी करू नकोस, तुझी रजा पक्की."

"बरं," उन्नती म्हणाली. फोन ठेवून तिने यंत्राची नळी तोंडात धरली आणि श्वास ओढला. तिन्ही चेंडू वर गेले. वरच राहिले.

ती कामावर रुजू झाली तेव्हा पंजाबी ड्रेस तिच्या अंगावर फडफडत होता. ट्रकवाले बघत राहिले. भावेशने "अरे वा, वा" करत तिला सगळ्या गोडाऊनमधून फिरवलं, जणू त्यानेच घडवली होती. गणेशपुरीकडचं एक स्थळ आलं. मुलाची आई जाताना उन्नतीच्या गालाला हात लावून गेली. लोखंडी खुर्ची भावेशने भंगारात काढली.

दिशा गेल्याचं तिला हमालांच्या बोलण्यातून कळलं होतं. दवाखान्यात नेली होती, सलाइन लावली होती, रक्तात काही निघालं नाही. शेवटी शेवटी घराच्या भिंतीची माती खायची, म्हणत. उन्नतीने कुणाला काही विचारलं नाही. त्या दिवशी माल खूप होता.

एप्रिलअखेरीचं ऊन तापायला लागलं, तेव्हा एका सकाळी सावळाराम ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. मुलगी गेल्यापासून तो कामावर आला नव्हता. हातात दिशाचा गेटपास होता.

"ह्यो द्याया आलो, ताई. कंपनीची वस्तू."

"ठेवा काका. बसा."

तो बसला नाही. पास टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत राहिला, ओळख पटत नसल्यासारखा.

"लई बारीक झाल्या तुमी," तो म्हणाला.

"हो. ऑपरेशन..."

"आमची पोर बी. काय राहिलं न्हवतं तिच्यात. सुतासारकी. अंघोळीला आयनं एकटीनं उचलली, येका हातानं." त्याने गमछाने तोंड पुसलं. "मंग तिरडीवर घातली. चौघं लागलो खांद्याला. हलंना."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी हिंदीत ट्रक मागे घ्यायला सांगत होतं.

"मी हमाली करतो ताई, जलमभर वजन उचललंय. मला वाटलं, बाप हाय म्हनून जोर येत न्हाय. पन समदीच घामाघूम. आठ जन लागलो. बांबू वाकला. मसनवट गावाच्या खालीच हाय, हितून तुमच्या गेटाएवढी. तर वाटंत किती डाव टेकवली."

उन्नतीने गेटपास खणात टाकला. "दुःखात असं होतं, काका."

"व्हय, तसंच म्हनाली समदी." त्याने शर्टाचं वरचं बटण काढून कॉलर बाजूला केली. उजव्या खांद्यावर, मानेपासून बाहेरपर्यंत, बांबूएवढा रुंद वळ होता. काळानिळा, ओला दिसणारा. महिना होत आला होता, आणि तो आज सकाळीच उमटल्यासारखा ताजा होता.

"बाम लावा," उन्नती म्हणाली.

"लावतो." त्याने बटण लावलं. "येतो, ताई."

ती खिडकीतून बघत राहिली. यार्डात ऊन पांढरं पडलं होतं. सावळाराम उजव्या अंगाला कलून, पावलं दाबून टाकत चालला होता. हात मोकळे होते. समोरून फोर्कलिफ्ट आली, तिला वाट द्यायला तो बाजूला झाला, तेव्हा वाकलेल्या गुडघ्यांनीच झाला. गेट थोडं लांब असताना तो थांबला. दोन क्षण तसाच उभा राहिला, दम घेत.

मग त्याने मान खाली घालून खांदा बदलला आणि पुढे निघाला.